थोरली, धाकटी आणि भट्टीवरचा उतारा

हात वर करा बघू, आपलं स्वादुपिंड कुठं असतं ते कुणाला माहिताय?

बघा! एक हात वर नाही. हृदय विचारलं असतं तर सगळ्यांनी छातीवर थाप मारली असती. आमच्या नशिबी ते नाहीच. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून, आतड्याच्या कमानीत डोकं खुपसून आम्ही आडवी पडलेली असतो, कायम अंधारात. मित्रांनो, मी त्यातलंच एक. वयानं जुनं, रंगानं पिवळट, आणि रूप म्हणाल तर दाणे दबलेल्या मक्याच्या कणसासारखं. पण माझ्याकडे एक गोष्ट आहे आणि ती मला सांगायचीच आहे, कारण ती ज्याची आहे त्याला आता सांगता येत नाही.

मी घडलं ते माझ्या माणसाबरोबरच, त्याच्या आईच्या पोटात. आधी माझे दोन तुकडे होते, एक पुढे, एक मागे. मग पुढचा फिरत फिरत मागच्याला येऊन चिकटला आणि झालं मी एक. जन्मल्यापासून माझं काम सुरू. जेवण पचवायचा रस करायचा, हे एक. आणि दुसरं काम, जे मला जास्त आवडतं, ते रक्तातल्या साखरेवर नजर ठेवायचं. माझ्या अंगभर पेशींची बारीक बारीक बेटं आहेत. तिथून इन्सुलिन निघतं. ते साखरेला रक्तातून उचलून शरीराच्या घराघरांत पोचवतं. साखर कमी पडली तर तिथूनच ग्लुकागॉन निघतं आणि यकृतदादाला सांगतं, "दादा, कोठार उघडा, साखर सोडा." एक खाली आणतं, दुसरं वर नेतं. दोघांचा तोल सांभाळता सांभाळता माझा जन्म गेला.

आता तुम्ही म्हणाल, जेवण आलं हे तुला अंधारात कळतं कसं? रक्तात साखर वाढली की कळतंच. पण तोवर उशीर झालेला असतो. म्हणून आतडं मला आधीच निरोप धाडतं. अन्न आतड्याच्या वरच्या टोकाला लागलं रे लागलं की तिथून एक हार्मोन धावत निघतं. डॉक्टर त्याला जीआयपी म्हणतात. मी तिला थोरली म्हणतं. आतड्याच्या खालच्या अंगाला दुसरी राहते, जीएलपी-वन. ती माझी धाकटी. दोघींचं आयुष्य काही मिनिटांचं. रक्तातून येतात, दाराशी उभ्या राहून सांगतात, "अरे, साखर येतेय, इन्सुलिन तयार ठेव," आणि विरघळून जातात. धाकटी तर जाता जाता ग्लुकागॉनलाही दटावते, "तू गप्प बस, आत्ता तुझं काम नाही." नुसत्या साखरेनं मी उठतं, पण कसंबसं. या दोघींचा निरोप आला की खडबडून उठतं. एवढा फरक आहे, मित्रांनो.

आणि माझ्या पुढ्यातच माझा शेजारी होता, जठर. मोठा पिशवीवाला, जरा गुरगुरणारा, पण कामाचा पक्का. आलेलं सगळं तो अडवून ठेवायचा, घुसळायचा आणि खालच्या दारातून थोडं थोडं सोडायचा. धक्काबुक्की नाही, घाई नाही. तो थोडं सोडणार, थोरली थोडं सांगणार, मी थोडं देणार. असा आमचा संसार चालला होता.

आता माझ्या माणसाचं सांगतं. तो काचेच्या कारखान्यात फुंकणीवर होता. लांब लोखंडी नळी, टोकाला वितळलेल्या काचेचा लालभडक गोळा, आणि हा दुसऱ्या टोकानं फुंकणार. गोळा फुगत फुगत जायचा आणि त्याची बरणी व्हायची, दिव्याची हंडी व्हायची. त्याच्या छातीमुळं सगळे त्याला 'भाता' म्हणायचे. लोहाराचा असतो ना, तसा. टोळीच्या प्रमुखाला बसायला एक बाकडं असतं. तिथं बसून तो फुंकणी मांडीवर आडवी फिरवतो आणि काचेला आकार देतो. त्या बाकड्यावर दुसरं कुणी टेकत नाही. कितीतरी वर्षं राबल्यावर ते बाकडं भात्याला मिळालं होतं. त्याचा मेव्हणा भट्टीतून गोळा काढून आणायचा. आणि बायको त्याच कारखान्यात पॅकिंगला होती, तयार बरण्या गवतात गुंडाळायची.

"दाजी, आज फुंकर जरा जपून," मेव्हणा म्हणायचा. "परवा एवढी फुगवलीत की ताईला वाटलं, आतच बसून घरी जाता येईल."

"तू गोळा नीट आण," भाता म्हणायचा. "कालचा बघितला, आजारी बटाटा बरा."

हसायचे सगळे. मी पण हसायचं, आतल्या आत. तो हसला की मला हलायला होतं.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण सगळं इथंच आहे. भट्टीसमोर घामाच्या धारा लागतात. अंगातलं मीठपाणी निघून जातं, माणूस गरगरून पडतो. त्याला तिथं 'भट्टी लागली' म्हणायचे. म्हणून दाराजवळ एक पिंप असायचं. त्यात पाणी, मीठ आणि साखर. त्याला म्हणायचे उतारा. कामाची पाळी सुरू व्हायच्या आधी बाकड्यावरच्या माणसानं पहिला मग प्यायचा आणि तोही एका दमात. मधे श्वास घेतला तर त्या दिवशी काच तडकते, अशी समजूत. मग बाकीच्यांनी प्यायचं. चांगलीच रीत होती हो ती. त्या पाण्यानं कित्येक माणसं वाचली. भाता वर्षानुवर्षं तो मग घटाघट प्यायला, जठरानं तो अडवला, थोडा थोडा सोडला, मला कधी काही जड गेलं नाही.

मग जठरात गाठ आली.

मी शेजारीच. मला ती आधीपासून टोचत होती, पण माझं कोण ऐकणार? भाता जेवण टाकायला लागला, वजन उतरलं, शेवटी रक्ताची उलटी झाली तेव्हा दवाखाना. डॉक्टरांनी अख्खं जठर काढलं आणि अन्ननलिका सरळ आतड्याला जोडून टाकली. एका सकाळी शेजारचं घर पाडून नेतात ना, आणि आपल्या भिंतीवर एकदम उजेड पडतो, तसं झालं मला. त्याची गुरगुर नाही, धग नाही. नुसती पोकळी.

सुरुवातीचे दिवस त्याला तोंडानं काहीच नव्हतं. नळीतून साखरपाणी थेट शिरेत. मित्रांनो, काय ती तारांबळ! आतडं गप्प. ना थोरली, ना धाकटी. आणि रक्तात साखर हजर! पाहुण्यांनी दार न वाजवता थेट स्वयंपाकघरात येऊन बसावं, तसं. मी धडपडत उठलं, इन्सुलिन सोडलं, पण नेहमीच्या निम्मंही जमेना. सिस्टर म्हणाल्या, "साखर चढलीय यांची," आणि त्यांनी बाहेरून इन्सुलिन टोचलं. फार ओशाळल्यासारखं झालं. तेव्हा मला कळलं, मी एकटं काही नाही. निरोप आला तर मी आहे.

पण गाठ गेली! डॉक्टर म्हणाले, "सगळी निघाली. सुटलात." बायको वॉर्डच्या दारातच रडली. घरी सोडताना त्याच सिस्टर समोर बसल्या. उंच, चष्मा कपाळावर चढवलेल्या, बोलणं तुटक पण मनानं चांगल्या.

"आता आत पिशवी नाही," त्या म्हणाल्या. "खाल ते सरळ आतड्यात कोसळणार. म्हणून थोडं थोडं, चावून चावून, पाच-सहा वेळा. जेवताना पाणी नाही. आणि गोड बंद."

"चहा?" बायकोनं विचारलं.

"बिनसाखरेचा."

"मग त्याला चहा कशाला म्हणायचं?" भाता म्हणाला. "गरम पाण्याला उगाच मान."

सिस्टर हसल्या. बायकोनं मात्र सगळं अगदी मनावर घेतलं. घरातली साखर शेजाऱ्यांना देऊन टाकली. अंडं, मऊ भात, सूप, वाटीवाटीनं. मीही सावरलं. घास यायचा, थोरली यायची, मी माझं काम करायचं. हळूहळू पोकळीचीसुद्धा सवय झाली.

मग तो कामावर गेला. टोळीनं टाळ्या वाजवल्या, भांडी बडवली. मेव्हण्यानं उताऱ्याचा मग भरून आणला.

"घ्या दाजी! भट्टी नुसती वाट बघत होती."

भात्याच्या मनात शंकासुद्धा आली नाही, मित्रांनो. गोड म्हणजे मिठाई, गोड म्हणजे चहातली साखर. हा तर उतारा! औषध! त्यानं मान मागे टाकली आणि एका दमात मग रिकामा केला.

इकडे काय झालं म्हणून सांगू! मधे अडवणारं कुणी नाही. अख्खा मग धाडकन आतड्यात. रक्तात साखर एकदम उसळली आणि थोरली धावतच आली. मागोमाग धाकटी! ती खरं तर खालच्या अंगाला राहते, तिच्यापर्यंत गोड इतक्या लवकर कधी पोचायचंच नाही. त्या दिवशी झुंडीनं आली, किंचाळत. "पूर आलाय, पूर! असेल नसेल ते सोड!" मी सोडलं. निरोप खोटा नव्हता हो. आतड्याला खरंच पूर दिसला होता. पण तो पूर एका मगाचा होता. आला आणि ओसरला. साखर संपली, इन्सुलिन मात्र रक्तात फिरत राहिलं, दारं ठोठावत, उरलीसुरली साखर गोळा करत. आणि एकदा सोडलेलं इन्सुलिन मला परत बोलावता येत नाही.

तासाभरानं त्याचे हात थरथरायला लागले. डोळ्यांपुढं धुकं. दरदरून घाम. पण भट्टीसमोर कुणाला घाम नसतो? सगळेच निथळत होते. साखर घसरली की घाम फुटतो, ही माझी एकमेव हाक बाहेर ऐकू जाते. तीसुद्धा तिथं कुणाला वेगळी दिसली नाही.

"दाजींना भट्टी लागली!" मेव्हणा ओरडला. "ताई, उतारा आण!"

ती पॅकिंगमधून पळत आली, केसांत गवत तसंच. तिनं उताऱ्याचा मग त्याच्या तोंडाला लावला. आणि मित्रांनो, खोटं कशाला बोलू, त्याला लगेच बरं वाटलं! डोळे उघडले, ओठांना रंग आला.

"बघ, कसा उतरला," ती भावाला म्हणाली, आणि पदरानं त्याचा गळा पुसला.

सगळ्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं की उतारा लागू पडतो. पुन्हा थोरली, पुन्हा धाकटी, पुन्हा "पूर आलाय" हे कुणाला दिसणार? आणि तासाभरानं पुन्हा थरथर. की पुन्हा एक मग उतारा. जी गोष्ट त्याला पाडत होती तीच घटकाभर उभं करत होती. असा शत्रू ओळखायचा कसा, सांगा!

मी काय करायचं? साखर खाली गेली की ग्लुकागॉन पाठवायचं. पाठवलं. पण भाता नुसता सांगाडा झाला होता. वाटीवाटीच्या जेवणावर त्याचं अंग भरलंच नव्हतं. यकृतदादा म्हणाले, "कोठारात झाडून काढलं तरी मूठभर निघत नाही. काय सोडू?"

तपासणीला गेले तेव्हा सिस्टरनी वजन पाहून कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला.

"वजन का उतरतंय? गोड खाताय का चोरून?"

"शप्पथ सांगते," बायको म्हणाली, "आमच्या घरातून मुंगीसुद्धा उपाशी जाते."

"चक्कर?"

"येते कधी कधी," भाता म्हणाला. "भट्टीचं काम. सगळ्यांनाच येते."

"मग काय करता?"

मी श्वास रोखला. मला श्वास नसतो, पण रोखला.

"उतारा देतो ना लगेच," बायको म्हणाली. "मिठाचं पाणी. भट्टीवर सगळे पितात."

"मीठ चालेल. घाम जातो तुमचा," सिस्टर म्हणाल्या, आणि पुढच्याला हाक मारली.

ती खोटं बोलली नाही. भट्टीवर सगळे त्याला मिठाचंच पाणी समजत. मीठ हे औषध. साखर काय, मीठ गिळता यावं म्हणून. मगाला मूठभर टाकायची, पण तिची आठवण कुणाला राहते? मी आत ओरडत होतं, "साखर सांग गं, साखर सांग!" पण माझा आवाज कुठवर जाणार? माझा निरोप रक्तातच फिरतो आणि रक्तातच विरतो.

एक दिवस मुकादमानं भात्याला बाजूला घेतलं. मुकादम वाईट माणूस नव्हता.

"भात्या, तू हिरा आहेस. पण काच कुणाची ओळख ठेवत नाही. हजार डिग्रीचा गोळा तुझ्या हातात, आणि तू डुलतोस. परत डुलताना दिसलास तर बाकडं सोडायचं. पॅकिंगला बस, वहिनीच्या शेजारी."

"तिच्या शेजारी घरी बसतोच की," भाता हसत म्हणाला. पण मला कळलं, त्याच्या रक्तात काय उतरलं ते. घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला, "पोट काढलं, गेलं. मी काही बोललो? पण बाकडं गेलं ना, तर माझं काही उरत नाही बघ."

 तिनं मनाशी ठरवलं, आता याला चक्कर येऊच द्यायची नाही.

त्या आठवड्यात एक मोठं काम आलं. कमरेएवढ्या उंचीची दिव्याची हंडी, एका सभागृहात टांगायची. एवढा गोळा फुंकणारी छाती कारखान्यात एकच. भाता लहान मुलासारखा खूश झाला. मुकादम म्हणाला, "ही झाली की कुणी तुझ्या बाकड्याकडे बोट दाखवणार नाही."

पाळीच्या आधी बायको पिंपाजवळ आली. तिनं मग भरला. जरा थांबली, तिथल्या साखरेच्या डब्यात हात घातला आणि आणखी एक मूठ टाकली; तिच्या लेखी ते गोड नव्हतं, औषधच होतं.

"चक्कर यायच्या आधीच घ्या," ती म्हणाली. "एक नाही, दोन. आज मोठं काम आहे. जरा ताकद येईल."

"दोन म्हणजे ढेकर काचेत जाईल."

"जाऊ दे. प्या आधी. माझ्या नावानं प्या."

पहिला मग तो एका दमात प्यायला. दुसराही.

मित्रांनो, मला तो दिवस आठवतो तेव्हा माझी बेटं अजून आकसतात. असा पूर मी जन्मात पाहिला नव्हता. थोरली आणि धाकटी एकमेकींवर आदळत येत होत्या. मला विचार करता येत नाही. मला फक्त निरोप ऐकता येतो आणि उत्तर देता येतं. मी उत्तर दिलं.

काम सुरू झालं. मेव्हण्यानं गोळा आणला, भात्यानं फुंकलं, पुन्हा भट्टीत तापवला, पुन्हा काच चढवली, पुन्हा फुंकलं. हंडी पोसत होती, सुंदर दिसत होती म्हणे. सगळी टोळी कामं सोडून बघायला आली. आणि मी खाली उतरत जाणारी साखर मोजत होतं. तो घामानं न्हाऊन निघाला. "लय गरम आहे आज," कुणीतरी म्हणालं. त्यानं एकदा बायकोकडे पाहिलं आणि एक शब्द चुकीचा बोलला. तिला 'आई' म्हणाला. ती लाजून हसली. तिला वाटलं, थट्टा करतोय.

मग फुंकणी सुटली. हंडी फरशीवर फुटली, लाल तुकडे उडाले. मेव्हण्यानं पायानंच फुंकणी लाथाडली आणि दाजींना पाठीमागे ओढलं. त्याचा बूट जळला, पोटरी भाजली. त्याला ते कळलंही नाही.

"भट्टी लागली! मागे न्या, सावलीत!"

भट्टी लागलेल्याला गार करायचं, गर्दी करायची नाही, हलवायचं नाही. ही त्यांची रीत, आणि भट्टी लागली असेल तर बरोबरच. ओली पोती टाकली, पुठ्ठ्यानं वारा घातला. उतारा आणला, पण त्याची दातखीळ बसली होती. पाणी ओठांवरून मानेवर ओघळलं.

"राहू दे," बायको म्हणाली. "दमलाय. झोपू दे जरा. झोपला की बरा होतो." आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन ती केसांतून हात फिरवत बसली.

तो झोपला नव्हता. मेंदू यकृतदादासारखा नाही, मित्रांनो. त्याला साखर साठवता येत नाही. रक्त आणून देईल तेवढीच त्याची. ती संपली की तो एकेक खोली बंद करत जातो, दिवे मालवत. मी ग्लुकागॉनला ढकलत होतं, यकृतदादा रिकाम्या कोठारात खरवडत होते. आणि बाहेर सगळे हळू आवाजात बोलत होते, त्याची झोप मोडू नये म्हणून. शेवटी त्याला झटके यायला लागले तेव्हा मुकादमानं गाडी बोलावली.

दवाखान्यात बोटाला सुई टोचली आणि त्या चष्म्याच्या सिस्टर ओरडल्याच. "एवढी खाली? साखरेची नळी आणा, पळा!" शिरेतून साखर आली. निरोपाशिवाय, थेट. ती लवकर आली असती तर! साखर वर आली. डोळे उघडले. पण त्या डोळ्यांतून बघणारं कुणी पुढं आलं नाही.

बाहेरच्या बाकावर सिस्टर बायकोजवळ येऊन बसल्या.

"शेवटचं काय प्यायले?"

"उतारा. दोन मग."

"मिठाचं पाणी ना?"

"हो. मीठ, आणि साखर."

"साखर किती?"

तिनं मूठ वळून दाखवली. मग थोडं थांबून पुन्हा एकदा वळून दाखवली.

सिस्टरनी चष्मा काढला.  मग त्यांनी हळूहळू सगळं सांगितलं. पिशवी नाही, म्हणून गोड एकदम आतड्यात; आतड्याची हाक; माझं उत्तर; मग घसरण. "त्या पाण्यात काय काय असतं, हे मी विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे मी पाजलं," बायको म्हणाली.

पोटरीला पट्टी बांधलेला मेव्हणा भिंतीला टेकून उभा होता. "ताई, असं काय करतेस? सगळेच पितात गं."

"सगळ्यांना पोट आहे," ती म्हणाली.

त्यानंतर ती रडलेली मला ऐकू आली नाही. मी खूप कान दिला.

आता आम्ही घरी असतो. भाता खिडकीजवळच्या खुर्चीत बसतो. हात धरला तर चालतो, तोंडाशी नेलं तर खातो. बोलत नाही. बायकोला ओळखतो की नाही, डॉक्टरांनाही सांगता येत नाही. बाकडं मेव्हण्याला मिळालं. तो दर सुट्टीला येतो, समोर बसतो, कारखान्यातलं काहीबाही सांगतो. परवा म्हणाला, "दाजी, आजकाल गोळा कोण आणतं बघा. बटाटे, नुसते बटाटे." आणि लगेच उठून गेला.

मी मात्र धडधाकट आहे, मित्रांनो. हीच तर थट्टा. डॉक्टर माझी तपासणी करतात आणि म्हणतात, "उत्तम." माझ्यात बिघाड नव्हताच. थोरलीत नव्हता, धाकटीत नव्हता. पिंपातल्या पाण्यात नव्हता, तिच्या मायेत तर नव्हताच. म्हणून तुम्हाला सांगतं, कुणाला बरं करायला निघालात ना, तर त्याच्या आत काय बदललंय ते आधी विचारा. शंभर जणांना चालतं ते त्या एकाला चालेलच असं नाही. डॉक्टर विचारतील तेव्हा जे जे तोंडात गेलं ते सगळं सांगा, औषध म्हणून प्यायलेलंसुद्धा, चवीपुरतं टाकलेलंसुद्धा. कुणी घामाघूम होऊन वेड्यासारखं बोलायला लागला तर 'झोपू दे' म्हणू नका. उचला आणि दवाखान्यात न्या. आणि जेवताना सावकाश जेवा रे. आत कुणीतरी अंधारात तुमच्या घासाची बातमी ऐकत बसलेलं असतं.

दुपार झाली की बायको वाटी घेऊन त्याच्यासमोर बसते. अंड्याचा मऊ तुकडा, एवढासा. त्याचं तोंड पुसते, थांबते. मग दुसरा घास चमच्यात घेऊन विचारते, "अजून एक देऊ?"

आणि उत्तराची वाट बघते. रोज बघते. थोरली माझ्या दाराशी येते, म्हणते, घास आला. मी लगेच उत्तर देतं, अगदी मापात, जेवढं हवं तेवढंच. पण ते बायकोपर्यंत जात नाही.